धाकट्या बहिणीचा एमएस, टोमॅटोचं सार आणि ग्लुटामेट

रंकाळाकाठ
रविवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. विषय घरचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्या धाकट्या बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस आहे. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं आवरण खराब करणारा हा आजार. वय ३४. सहा वर्षांपूर्वी आधी डाव्या डोळ्यानं धुरकट दिसायला लागलं. डोळा हलवला की दुखायचा. चष्म्याचा नंबर बदलून झाला, "ताण घेऊ नका" हेही ऐकून झालं. मग मे महिन्यात एका दुपारी आम्ही दोघी महाद्वार रोडनं चाललो होतो. मागून एक फुलवाली ओरडली, "ओ ताई, चप्पल राहिली की तुमची!" वळून बघते तर हिच्या उजव्या पायातली कोल्हापुरी दहा-बारा पावलं मागं पडलेली आणि ही तापलेल्या रस्त्यावरून अनवाणी पायानं तशीच चाललेली. चप्पल निसटलेली तिला कळली नव्हती आणि चटकाही बसला नव्हता. तिनं खाली पायाकडं ज्या नजरेनं बघितलं, ती नजर मी अजून विसरले नाही. त्यानंतर एमआरआय, पाठीतलं पाणी काढून तपासणी आणि मग आजाराला नाव मिळालं.

औषध सुरू झाल्यावर चार वर्षं तशी बरी गेली. ग्लाटिरामरचं इंजेक्शन, आठवड्यातून तीनदा, ती स्वतःच्या हातानं घेते. मागच्या महिन्यात एका नातेवाइकानं मोबाइलवर एक लांबलचक मजकूर पाठवला. एमएसचं मूळ ग्लुटामेट, आणि ते टोमॅटो, मशरूम, चीज, सोया सॉस, शेंगदाणे यांतून शरीरात जातं, सगळं बंद करा म्हणजे आजार थांबतो. बहिणीनं सगळं बंद केलं. आमच्या घरी रविवारी टोमॅटोचं सार आणि भात ठरलेला, तर ती नुसता ताकभात घेऊन बाजूला बसायला लागली. मला वाटलं, असू दे, एवढ्यानं काही बिघडत नाही.

परवा फ्रिज पुसायला काढला. दुधाच्या पिशव्यांमागं इंजेक्शनचा डबा. सिरिंजा मोजल्या, तर ९ जास्त. म्हणजे तीन आठवडे तिनं एकही घेतलेली नाही. विचारलं तर गप्प. मग म्हणाली, "आक्का, त्या कागदावर बघ काय लिहिलंय." औषधासोबतच्या बारीक अक्षरांच्या कागदावर तिनं पेनानं एका शब्दाखाली रेघ मारून ठेवलेली: ग्लुटामिक आम्ल, म्हणजे ग्लुटामेटच.

मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. दोन रात्री बसून जमेल तेवढं वाचलं. अडचण अशी की तो मजकूर साफ खोटा असता तर सोपं होतं. ग्लुटामेटचा एमएसशी खरोखरच संबंध आहे, त्यावर वीस-पंचवीस वर्षं गंभीर संशोधन झालंय. फक्त तो संबंध ताटातल्या टोमॅटोशी नाही, असं माझ्या लक्षात येतंय. पण मला ते तिच्यासमोर ठामपणे मांडता येत नाही. इथं डॉक्टर आहेत, संशोधन करणारे आहेत, हा आजार स्वतः भोगणारेही आहेत. मदत करा.

गुऱ्हाळ
रविवार, रात्री १०:५२

ताई, वाचून काळजाला घरं पडली बगा. माझ्या चुलतभावाला बी हाच आजार हाय. त्याला कुणीतरी सांगितलंय, चायनीजच्या गाड्यावरचं अजिनोमोटो खाऊन झालं म्हणून. कॉलेजात असताना आठवड्यातनं दोनदा मंचुरियन खायचा, आता ते त्याच्या डोस्क्यातनं जाईना. सारखा सवताला दोष देत बसतोय. खरंच तसं काय असतंय का? मला शास्त्रातलं लई कळत नाही, पण त्याला सांगायचंय.

मज्जारज्जू
सोमवार, सकाळी ७:३०

रंकाळाकाठ, गुऱ्हाळ, दोघांनाही एकदमच उत्तर देते. एम.एस्सी. शिवाजी विद्यापीठात केलं, आता बाहेर चेतासंस्थेवर काम करते. मोठा प्रतिसाद होईल, पण अर्धवट माहितीनंच हा घोळ झालाय, तेव्हा पूर्ण लिहिते.

आधी खाण्याचं. ग्लुटामिक आम्ल हे प्रथिनं ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लांपैकी एक. १८६६ मध्ये रिटहाउझेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं ते गव्हाच्या ग्लूटेनमधून वेगळं काढलं, नावही तिथूनच आलं. १९०८ मध्ये जपानात किकुनाए इकेदा यांनी कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाच्या कढणाला जी चव येते ती ग्लुटामेटची, हे ओळखलं, आणि अजिनोमोटो बाजारात आलं. म्हणजे हे काही कारखान्यात जन्मलेलं विष नव्हे. आईच्या दुधात ते मोकळ्या स्वरूपात भरपूर असतं. आपल्या तूरडाळीच्या, शेंगदाण्याच्या प्रथिनांत सगळ्यात मोठा वाटा त्याचाच. टोमॅटो सोडून आमटी खाल्ली तरी वाटीभर आमटीतल्या डाळीतून ते ग्रॅमच्या हिशेबात पोटात जातंच.

जातं, पण कुठं? खाल्लेलं बहुतेक ग्लुटामेट आतड्याच्या पेशीच इंधन म्हणून वापरून टाकतात. जे थोडं रक्तात उतरतं त्याच्या वाटेत रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर असतो आणि तो ग्लुटामेटला सहजी आत सोडत नाही. मेंदू आपल्याला लागणारं ग्लुटामेट बहुतांशी स्वतःच, साखरेपासून बनवतो. गुऱ्हाळ, भावाला सांगा, मंचुरियनचा आणि त्याच्या आजाराचा संबंध नाही. त्याची काही चूक झालेली नाही.

आता मेंदूतलं. मेंदूतल्या एका पेशीनं दुसरीला "जागी हो, पुढं निरोप दे" असं सांगायचं असेल तर त्यासाठीचा मुख्य रेणू ग्लुटामेट. तुम्ही हे वाचताय, त्यातलं आठवणीत ठेवताय, ते त्याच्याच जोरावर. ते पेशीच्या आत साठवलेलं असतं, बाहेर अगदी नाममात्र. आतलं प्रमाण बाहेरच्यापेक्षा हजारो पटींनी जास्त. निरोप द्यायचा तेव्हा थोडं बाहेर सोडायचं आणि काही हजारांश सेकंदांत परत गोळा करायचं, असा हा खेळ.

आपल्याकडचं उदाहरण देते. उसाला पाणी पाजतात तेव्हा सरीत पाणी सोडायचं आणि सरी भरली की दारं मोडायचं, म्हणजे पाणी दुसरीकडं वळवायचं. पाणी नसेल तर ऊस वाळतो. पण दारं मोडायला माणूसच नसेल, पाणी रात्रंदिवस चालूच राहिलं, तर मुळं कुजतात, रान चिबड होतं. पाणी तेच, ऊस तोच. मेंदूत हे दारं मोडण्याचं काम अ‍ॅस्ट्रोसाइट नावाच्या पेशी करतात. त्यांच्या अंगावर ग्लुटामेट आत ओढणारे पंप असतात. आत घेतलं की त्याचं ग्लुटामिन करायचं, जे निरुपद्रवी, आणि ते परत चेतापेशीला द्यायचं.

हे बिघडलं तर काय होतं ते १९५७ मध्ये पहिल्यांदा दिसलं. लुकास आणि न्यूहाउस यांनी उंदरांच्या पिल्लांना ग्लुटामेट टोचलं, तर डोळ्याच्या पडद्याचे आतले थर नष्ट झाले. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या जॉन ओल्नी यांनी नवजात उंदरांच्या मेंदूतही तसंच घडताना पाहिलं. पेशीला सतत "जागी हो, जागी हो" म्हणत राहिलं की तिच्यात कॅल्शियम बेसुमार शिरतं आणि ती आतून मोडते. लक्षात घ्या, हे नवजात पिल्लांना मोठ्या मात्रेत टोचून केलेले प्रयोग होते. तो जो मजकूर फिरतोय त्यात हेच प्रयोग माणसांच्या जेवणाला चिकटवलेले असणार, याची मला जवळजवळ खात्री आहे.

एमएसचा भाग संध्याकाळी लिहिते, लॅबला उशीर होतोय.

उन्हाळा_नको
सोमवार, दुपारी १:०५

मी स्वतः एमएसचा पेशंट, नऊ वर्षं झाली. राजारामपुरीत राहतो. रंकाळाकाठ, तुमच्या बहिणीचं इंजेक्शन आधी सुरू करा, चर्चा मागून. आजच न्यूरॉलॉजिस्टना फोन लावा आणि तीन आठवडे चुकलेत हे स्पष्ट सांगा. ते रागावणार नाहीत. आमच्यातले कितीतरी जण मधेच थांबतात, त्यांना हे नवीन नाही.

तिनं लपवलं यावर तिला बोलू नका, एवढीच विनंती. हा आजार बाहेरून दिसत नाही. मान खाली घातली की पाठीतून करंट गेल्यासारखं होतं. अंघोळीला जरा कढत पाणी घेतलं की दिसणं अंधूक होतं, निवल्यावर परत नीट. अंग तापलं की उघड्या पडलेल्या नसांतून निरोप जायला अडतो म्हणून हे होतं, असं डॉक्टरांनी समजावलंय. पण घरच्यांना सकाळी धडधाकट माणूस दिसतो आणि दुपारी पाय ओढणारा दिसतो, आणि त्यांना ते नाटक वाटतं. अशा वेळी कुणी "हे खाऊ नको, बरी होशील" म्हटलं ना, तर ते धरून ठेवावंसं वाटतं. कारण ताटात काय घ्यायचं एवढंच आपल्या हातात उरलेलं असतं. मीही दीड वर्ष गहू सोडला होता.

सातवी_गल्ली
सोमवार, दुपारी ३:२०

सगळ्यांचा आदर राखून वेगळं मत मांडतो. माझ्या सख्ख्या मावशीला हाच आजार. दोन वर्षांपूर्वी उजवा हात जड झाला, लिहिता येईना. तिनं टोमॅटो, वांगं, बाहेरचं सगळं बंद केलं. दोन महिन्यांत हात पूर्ववत. मी डोळ्यांनी पाहिलंय. औषध सोडा असं मी म्हणत नाही, पण पथ्याचा उपयोगच नाही हे कसं मानू?

उन्हाळा_नको
सोमवार, दुपारी ४:४०

सातवी_गल्ली, मावशींचा हात बरा झाला हे अगदी खरं असणार. मी सांगतो ते माझ्यावर गुदरलेलं. मला पहिला झटका आला तेव्हा निदानच झालं नव्हतं. कमरेखाली बधिरपणा, दीड महिना. औषध नाही, पथ्य नाही, काहीच नाही, आणि तो आपोआप ओसरला. त्या महिन्यात मी कुणाच्या सांगण्यावरून काही सोडलं असतं, तर आज शपथेवर सांगितलं असतं की त्यानंच बरा झालो.

सुरुवातीला १०० पैकी ८५ जणांचा एमएस असाच असतो. झटका येतो, काही दिवस किंवा आठवडे राहतो, मग उतरतो. सूज ओसरते, थोडं आवरण पुन्हा भरतं. म्हणून या आजारात कुठलाही उपाय गुणकारी भासतो. माझा दुसरा एमआरआय झाला तेव्हा मला काडीचा त्रास नव्हता, आणि मेंदूत तीन नवे डाग निघाले. मावशींचं शेवटचं एमआरआय कधी झालं?

सातवी_गल्ली
सोमवार, सायंकाळी ६:१०

दोन वर्षांत झालेलं नाही. बरं वाटतंय म्हणून गेलीच नाही. तुमचा मुद्दा पटतोय. या रविवारी इचलकरंजीला जाऊन तिच्याशी बोलतो.

मज्जारज्जू
सोमवार, रात्री ९:००

सकाळचा धागा पुढं चालवते.

चेतापेशीची लांब तार असते, तिच्यावर मायलिन नावाचं आवरण असतं. ते आवरण गुंडाळणाऱ्या पेशी म्हणजे ऑलिगोडेंड्रोसाइट. एकेक पेशी अनेक तारांना आवरण पुरवते. एमएसमध्ये शरीराच्या संरक्षक पेशी वाट चुकून मेंदूत शिरतात आणि या आवरणावर हल्ला चढवतात. १८६८ मध्ये पॅरिसला शार्को यांनी या आजाराचं पद्धतशीर वर्णन केलं, तेव्हापासून मेंदूतले कडक झालेले चट्टे ही त्याची खूण मानली गेली. हल्ला का होतो, यावरच पुढची सव्वाशे वर्षं बहुतेकांचं लक्ष होतं. हल्ल्यानंतर पेशी नेमकी मरते कशानं, हा प्रश्न मागं राहिला. ग्लुटामेट इथं येतं.

जानेवारी २००० मध्ये नेचर मेडिसिन या नियतकालिकात दोन वेगवेगळ्या गटांचे शोधनिबंध शेजारी-शेजारी आले. दोघांनीही प्राण्यांमध्ये एमएससारखा आजार निर्माण केला आणि पेशीवरच्या ज्या कुलपांना ग्लुटामेट किल्लीसारखं लागतं त्यांतलं आम्पा नावाचं कुलूप औषधानं बंद केलं. प्राण्यांचं चालणं-फिरणं सुधारलं. पिट, वर्नर आणि रेन यांच्या निबंधातली गोष्ट मला अजूनही विलक्षण वाटते: सूज तेवढीच राहिली, व्रणांचा आकारही तेवढाच, पण ऑलिगोडेंड्रोसाइट जास्त वाचल्या आणि तारांचं नुकसान कमी झालं. म्हणजे शिरलेले हल्लेखोर तितकेच, तरी घर कमी पडलं. याचा अर्थ पडझडीचा काही भाग ग्लुटामेटच्या हातून होत होता.

आवरण बनवणाऱ्या पेशीच का मरतात? कारण त्यांच्या अंगावरही ही ग्लुटामेटची कुलपं असतात. काम आवरणाचं, पण ग्लुटामेटचा पूर आला की चेतापेशीसारख्याच त्याही बुडतात.

पूर कुठून येतो, हे पुढं माणसांच्या मेंदूत पाहिलं गेलं. याच गटानं २००१ मध्ये मरणोत्तर दान केलेल्या मेंदूंमधले व्रण तपासले. सक्रिय व्रणांत जमलेल्या भक्षक पेशींमध्ये ग्लुटामिनेझ हे विकर सापडलं. हे विकर ग्लुटामिनपासून ग्लुटामेट बनवतं. आणि त्याच जागी, आसपासच्या ऑलिगोडेंड्रोसाइटवरचे ग्लुटामेट आवरणारे पंप गायब. उसाच्या भाषेत सांगायचं तर पाणी सोडणारे वाढले आणि दारं मोडणारे पळाले, दोन्ही एकाच वाफ्यात. २००५ मध्ये जिवंत रुग्णांच्या मेंदूतलं ग्लुटामेट एमआरआयच्याच जातीच्या एका तंत्रानं मोजलं, तर ताज्या व्रणांत ते वाढलेलं होतं. एवढंच नव्हे, साध्या एमआरआयमध्ये जो भाग निरोगी दिसतो त्यातही वाढलेलं होतं.

रंकाळाकाठ, बहिणीला हे चित्र काढून दाखवा. हे ग्लुटामेट तिच्या ताटातून आलेलं नाही. ते व्रणाच्या काठावर, तिथल्या तिथं, सुजेमुळं तयार होतं. म्हणूनच सूज दाबणारं औषध महत्त्वाचं. सूज कमी तर पाणी सोडणारे कमी.

गुऱ्हाळ
सोमवार, रात्री ९:३५

ताई, आज पहिल्यांदा ह्या आजारातलं काय तरी डोस्क्यात शिरलं. आमचं रान पंचगंगेच्या काठाला हाय, चिबड म्हणजे काय ते मला सांगायला नको. भावाला फोन लावून वाचून दाखवलं. मंचुरियनचं ऐकून बराच वेळ गप बसला आणि मग म्हणला, "परत एकदा वाच."

एक शंका हाय. मग ते ग्लुटामेटच बंद करायचं औषध का देत न्हाईत डॉक्टर?

सायंओपीडी
मंगळवार, रात्री १०:२०

गुऱ्हाळ यांची शंका नेमकी आहे, आणि आमच्या क्षेत्रानं त्यासाठी बरीच वर्षं आणि बरेच रुग्ण खर्ची घातलेत.

उत्तर त्या उसाच्या उदाहरणातच आहे. पाणी पूर्ण बंद केलं तर ऊस वाळणार. मेंदूची सगळी उठबस ग्लुटामेटवर चालते, तेव्हा त्याची कुलपं सरसकट बंद करणं म्हणजे माणसाला गुंगीत टाकणं, आठवण पुसणं. उंदरांवर चाललेली औषधं माणसांत आणताना हीच भिंत आडवी आली.

मेमँटिन हे औषध अल्झायमरमध्ये वापरतात, ते ग्लुटामेटच्या एनएमडीए या कुलपावर काम करतं. एमएसच्या रुग्णांची स्मरणशक्ती सुधारेल या आशेनं एका लहान चाचणीत दिलं, तर काही जणांची अशक्तता, चालणं, दिसणं बिघडलं. चाचणी थांबवावी लागली. औषध बंद केल्यावर ते पूर्ववत झाले, हे नशीब. हा अहवाल २००९ चा. मी हे मुद्दाम सांगतोय, कारण इंटरनेटवर वाचून दुकानातून मेमँटिन आणलेला रुग्ण मी पाहिलाय. कृपा करून असं करू नका.

रिलुझोल हे ग्लुटामेट सोडणंच कमी करतं. मोटर न्यूरॉनच्या आजारात ते १९९५ पासून वापरात आहे. ब्रिटनमध्ये एमएस-स्मार्ट नावाची मोठी चाचणी झाली, आजाराच्या पुढच्या टप्प्यात गेलेल्या ४४५ रुग्णांवर. रिलुझोल, अमिलोराइड आणि फ्लुओक्सेटिन, तिन्ही औषधं ९६ आठवडे देऊन पाहिली. मेंदू आकसण्याचा वेग कुणीच कमी करू शकलं नाही. निकाल २०२० मध्ये लॅन्सेट न्यूरॉलॉजीत आला. मला त्या चाचणीकडून फार आशा होती. तो निकाल वाचला त्या संध्याकाळी ओपीडीत समोर बसलेल्या तीन रुग्णांच्या तोंडाकडं मला नीट बघवेना.

म्हणून ग्लुटामेटचा सिद्धांत चुकीचा ठरला का? मला तसं वाटत नाही. पुराचं पाणी खरं आहे. पण पूर येऊन गेल्यावर दार अडवून उपयोग नसतो, आणि एकच दार अडवूनही नसतो. प्रयत्न आता अ‍ॅस्ट्रोसाइटचे पंप परत कामाला कसे लावता येतील, आवरण पुन्हा कसं चढवता येईल, या दिशेनंही चाललेत. ते तुमच्या-माझ्या हातात येईपर्यंत सूज रोखणारी औषधं हाच पाया. १९९३ मध्ये इंटरफेरॉन आलं तोवर आमच्याकडं झटक्याला स्टेरॉइड देण्यापलीकडं फारसं काही नव्हतं. आज गोळ्या आहेत, इंजेक्शनं आहेत, सलाईनमधून द्यायची औषधं आहेत, आणि ज्यांना महागडी परवडत नाहीत त्यांच्यासाठी भारतात रिटुक्सिमॅब बऱ्यापैकी वापरलं जातं.

सिगारेट, तंबाखू मात्र सोडा. पथ्यच पाळायचं तर ते हे. धूम्रपानानं एमएस लवकर बळावतो, यावर भरपूर पुरावा आहे.

रंकाळाकाठ
मंगळवार, रात्री ११:०५

डॉक्टर, मज्जारज्जू, तुम्हा दोघांचं लिहिणं तिला वाचून दाखवलं. दाजीही बसले होते. उसाचं तिला लगेच पटलं. पण शेवटी परत तिथंच आली: "खाल्लेलं जात नाही हे कळलं गं. पण हे तर मी टोचून घेतो. टोचलेलं थेट रक्तात जाणार." (आमच्याकडं बायका असंच बोलतात, बाहेरच्यांनी गोंधळू नये.) यावर मला उत्तर सुचलं नाही. उद्या तिसरा दिवस, अजून इंजेक्शन घेतलेलं नाही.

मज्जारज्जू
बुधवार, सकाळी ६:५०

प्रश्न रास्त आहे तिचा. कागदावर तो शब्द खरंच आहे, तिनं चुकीचं वाचलेलं नाही. आधी हे तिला सांगा.

ग्लाटिरामर म्हणजे चार अमिनो आम्लांच्या साखळ्या: ग्लुटामिक आम्ल, लायसिन, अ‍ॅलॅनिन, टायरोसिन. इंग्रजी नावांची आद्याक्षरं जोडून औषधाचं नाव बनलंय. रेणूंच्या हिशेबानं त्यात ग्लुटामिक आम्ल साधारण सातवा हिस्सा. आठवड्यातून तीनदा घेतात तर एका वेळी ४० मिलिग्रॅम औषध असतं, म्हणजे ग्लुटामिक आम्ल फक्त काही मिलिग्रॅम. एका पिकलेल्या टोमॅटोत याच्या कितीतरी पट असतं. शिवाय ते मोकळं नसतं, साखळीत ओवलेलं असतं. इंजेक्शन कातडीखाली जातं, थेट शिरेत नाही, आणि साखळ्या बहुतेक तिथंच तुटतात. तुटून जे रक्तात जातं ते तिच्या रक्तात आधीच असलेल्या अमिनो आम्लांत मिसळून जातं. मेंदूचा अडसर त्यालाही लागू आहेच.

आणि या औषधाची जन्मकथा तिला नक्की सांगा. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेत १९६० च्या दशकाच्या अखेरीस मायकेल सेला, रूथ आर्नोन आणि द्वोरा टायटेलबाउम यांनी या साखळ्या बनवल्या. मायलिनमधल्या एका प्रथिनासारख्या दिसतील अशा. त्यांना प्राण्यांमध्ये एमएससारखा आजार निर्माण करायचा होता, अभ्यासासाठी. झालं उलटंच. आजार होईना, शिवाय ज्या प्राण्यांना तो व्हायचा होता त्यांचाही टळला. त्या उलट लागलेल्या निकालावर त्यांनी पुढची पंचवीसेक वर्षं घालवली आणि १९९६ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. तिच्या फ्रिजमधल्या डब्यात आहे ते हेच.

सायंओपीडी
बुधवार, सकाळी ८:१५

मज्जारज्जू यांच्याशी पूर्ण सहमत. तीन आठवड्यांच्या खंडाबद्दल तिच्या डॉक्टरांना कळवूनच पुढं जा. पाय, डोळे, लघवीवर ताबा, यांत नवं काही जाणवलं आणि ते २४ तासांहून जास्त टिकलं तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

कागदपत्रे
बुधवार, दुपारी १२:३०

विषय वेगळा आहे, पण वाचणाऱ्या इतरांच्या कामाचा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जी २१ अपंगत्वं धरलीत त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव आहे. ४० टक्के किंवा जास्त निघालं तर सवलती मिळतात. अर्ज ऑनलाइन, तपासणी सरकारी रुग्णालयात, आपल्याकडं कोल्हापुरात सीपीआरला. जाताना एमआरआयच्या फिल्म आणि न्यूरॉलॉजिस्टचं पत्र दोन्ही न्या, आणि चालणं बरं असलेल्या दिवशी गेलात तर वाईट दिवसांबद्दल स्वतःहून बोला. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ पासून या रुग्णांसाठी काम करते, पुण्यात शाखा आहे.

गुऱ्हाळ
बुधवार, रात्री ९:४५

भाऊ पुण्याला डॉक्टरकडं जायला तयार झालाय. मी जातोय बरोबर. त्यानं एक विचारायला सांगितलंय, चायनीज नसंल तर मग आजार झालाच कशानं?

मज्जारज्जू
बुधवार, रात्री ११:१०

एकच असं कारण नाही. काही जनुकांचा कल, ऊन आणि ड जीवनसत्त्व कमी पडणं, धूम्रपान, आणि एप्स्टाइन-बार नावाचा विषाणू. २०२२ मध्ये अमेरिकेच्या लष्करातल्या १ कोटीहून जास्त लोकांच्या नोंदी तपासून असं दिसलं की या विषाणूची लागण झाल्यानंतर एमएसचा धोका ३२ पट वाढतो. पण तो विषाणू जगात जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी होऊन गेलेला असतो आणि एमएस फार थोड्यांना होतो. भावाला एवढं सांगा की धूम्रपान वगळता यातलं काहीही कुणी निवडत नाही.

रंकाळाकाठ
शुक्रवार, रात्री १०:३०

काल तिच्या न्यूरॉलॉजिस्टशी बोलणं झालं. इंजेक्शन लगेच सुरू करायला सांगितलं, एमआरआय पुन्हा करायचा आहे. त्यात डाग वाढलेले निघाले तर औषध बदलायचं का, ते ठरवू म्हणाले.

सिरिंज फ्रिजमधून काढून तिनं ओट्यावर ठेवली, गारवा जायला. मग तो कागद परत उघडला, रेघ मारलेल्या शब्दाकडं बघत बसली. मला म्हणाली, "गिनीपिगांचं तू सांगितलंस ते परत सांग." मज्जारज्जूंनी नुसतं प्राणी लिहिलं होतं, गिनीपिग मी नंतर वाचून तिला सांगितलं होतं. परत सांगितलं. मांडीवर जागा बदलून घेतात, मागच्या वेळची जागा तिला आठवेना, एवढा खंड पडलेला. डावीकडं घेतलं. नेहमीसारखी गांधी उठली, बर्फ लावला.

आज रात्री जेवायला वाढताना तिनं सारासाठी वाटी पुढं केली. कुणी काही बोललं नाही. आईनं मात्र वाटी काठोकाठ भरली आणि ती ताटात थोडी सांडली.

एमआरआय पुढच्या गुरुवारी आहे. चप्पल आता ती मागून पट्टा असलेलीच घालते, त्यामुळं जिन्याची तेवढी काळजी नाही. रिपोर्ट आला की इथंच लिहीन. उन्हाळा_नको, तिला तुमच्याशी बोलायचंय. नंबर खाजगी निरोपात पाठवते.

उन्हाळा_नको
शुक्रवार, रात्री १०:४१

पाठवा. सकाळी साडेसहाला, ऊन व्हायच्या आत, मी रंकाळ्यावर चालायला येतो. तिला जमेल तेवढंच चालू, बाकी कट्ट्यावर बसू.